अक्कलदाढेचं मूळ

दात बघून कोर्टाला वय कळवायचं, हे डॉक्टरबाईंचं काम. माणसं वय चोरतात, दाढेची मुळं चोरत नाहीत, असं त्या हसत सांगायच्या.

त्या सकाळी पोलीसबाई एका मुलीला घेऊन आल्या. मागोमाग एक माणूस आला. मी हिचा नवरा, म्हणाला. मुलीला अठरा भरली असतील तर लग्न कायम आणि ती त्याच्या हवाली. भरली नसतील तर मुलींच्या वसतिगृहात, त्याच्यापासून लांब.

मुलगी लटलट कापत होती. हललं की एक्स-रेची फिल्म बिघडते, म्हणून अशा वेळी घरचं माणूस आत ठेवायची बाईंची सवय. त्यांनी त्याला शिशाचा एप्रन दिला. त्यानं मुलीच्या खांद्यावर हात ठेवला आणि ती थांबली. वाऱ्याविना पान थांबावं, तशी थांबली.

पडद्यावर अक्कलदाढ उमटली, पुढच्या बाजूला एक किडका दात. मुळाचं टोक बंद. अठरा केव्हाच उलटलेली.

"झालं ना? मग नेतो हिला," तो म्हणाला.

पण बाईंनी तोंडात आरसा धरून पाहिलं होतं. मागच्या दाढा कोवळ्या, नुकत्या वर आलेल्या, पुरता घासही न चावलेल्या. हे मूळ त्या तोंडातलं वाटेना.

"पुन्हा काढू. तुम्ही बाहेर थांबा."

"मग हिला धरणार कोण?"

"मी धरते की," पोलीसबाई म्हणाल्या. "जन्म धरपकडीत गेला माझा. हनुवटी काय पळून जातेय?"

दार लागलं. दुसऱ्या फिल्मवर तीच दाढ, पुढे तोच किडका दात. मूळ मात्र अर्धवट, खाली मोकळं, कळीच्या देठासारखं. चौदा, फार तर पंधरा.

"मशीन बिघडलं काय हो?" पोलीसबाईंनी हळूच विचारलं.

मुलगी छताकडे बघत म्हणाली, "तो जवळ असला की मी मोठी होते."

बाई लिहायला बसल्या. दार कधी उघडलं, कळलं नाही. तो मागे उभा होता. त्याचा हात बाईंच्या खांद्यावर आला, हलका, घरच्यासारखा.

"पहिलीच फिल्म लावा, बाई."

बाईंची अक्कलदाढ काढून वीस वर्षं झाली होती. त्या रिकाम्या हिरडीतून काहीतरी टणक वर येऊ लागलं. जिभेवर रक्ताची चव आली. हात जड झाला, लेखणी उचलेना.

"हात काढा," त्या म्हणाल्या.

त्यानं काढला नाही. पोलीसबाईंनी त्याचं मनगट धरून काढला.

बाईंनी लिहिलं: अठरा पूर्ण नाहीत. दुसरी फिल्म जोडली, सही केली. सही त्यांचीच होती, पण एखाद्या म्हातारीनं केल्यासारखी वाकडी आली.

पोलीसबाई मुलीला घेऊन निघाल्या. उंबऱ्यात मुलगी वळली. बाईंनी गालाला लावलेला हात तिनं पाहिला.

"दुखेल थोडं," ती समजुतीनं म्हणाली. "तो लांब गेला की खाली बसतं."

बाईंनी काचेतून पाहिलं. मुलीला घेऊन गेलेली गाडी फाटकातून बाहेर पडली होती. तो मात्र समोरच्या बाकावर बसून होता, बाईंच्या दाराकडे बघत.