बायडीच्या घरची बातमी

शमीमआपाने खडू हातात घेतला आणि मान न वळवता म्हटलं, "बोल."

मागे बायडी उभी होती. तिने रिकामं घमेलं कमरेच्या एका बाजूवरून दुसऱ्या बाजूवर घेतलं, धक्क्याकडे पाहिलं, परत फळ्याकडे पाहिलं. बुधवारची सकाळ होती. तुळशीरामची होडी पलीकडे अंजूरला गेलेली, त्यामुळे धक्क्यावर कोणी नव्हतं, आणि बायडीने हीच वेळ हेरून ठेवली होती.

"दिशाची हळद हाय," ती शेवटी म्हणाली. "शुक्करवारी, चार वाजता. सगल्यांनी यावा."

"सगळ्यांनी म्हणजे पाड्यावरच्या?"

"न्हाय. सगल्यांनी."

आपाने आता मात्र मान वळवली. बावीस वर्षं ती हा फळा लिहीत होती, आणि बावीस वर्षांत पाड्यावरचं कोणी बातमी सांगायला आलेलं हे पहिलंच.

खारजू हे खाडीतलं बेट. ऐंशी घरं, एक शाळा, एक मशीद, एक देऊळ, आणि मिठागरांच्या पलीकडच्या टोकाला बारा घरांचा आदिवासी पाडा. पाड्यावरची माणसं मिठागरात राबायची, होडीने पलीकडे वळ गावच्या गोदामांत कामाला जायची, वाटेत हसायची, बोलायची. पण बेटावरचं कोणी कधी पाड्यावर जेवायला गेलं नव्हतं. भांडण नव्हतं. कोणी बोलावलं नव्हतं आणि कोणी विचारलंही नव्हतं, एवढंच.

फळा धक्क्यावरच्या खांबाला ठोकलेला. त्यावर पांढऱ्या ऑइलपेंटने सोमवार ते रविवार असे सात आडवे कप्पे आखलेले. शाळेतून निवृत्त झालेल्या आपाने तो सुरू केला तेव्हा एकच नियम घातला होता: ज्या घरची बातमी, त्या घरच्या माणसाने स्वतः येऊन सांगायची. दुसऱ्याच्या घरचं चालणार नाही, मग ते कितीही खरं असो. महमूदभाईंची म्हैस खाडीत बुडाली तेव्हा अख्ख्या बेटाने ती डोळ्यांनी पाहिली होती. पण दुःखाने महमूदभाई तीन दिवस धक्क्याकडे फिरकले नाहीत, म्हणून फळ्याच्या हिशेबी म्हैस तीन दिवस जिवंत होती.

या नियमाला हसणारेही होते. किराणा दुकानवाला भूपेश त्यांतला पहिला. त्याने मोबाइलवर बेटाचा ग्रुप काढला होता आणि त्यावर बातम्या धडाधड यायच्या, कधीकधी घडण्याच्या आधीच यायच्या. हिरामणदादांना एकदा तिथे श्रद्धांजली वाहून झाली, तेव्हा हिरामणदादा अंजूरला दाढीसाठी गालाला साबण लावून बसले होते. भूपेश माणूस वाईट नव्हता, त्याच्या तोंडात तीळ भिजत नसे इतकंच. फळा काढून तिथे दिव्यांची सरकती पाटी बसवावी, अशी सूचना त्याने ग्रामसभेत मांडली होती. त्यावर लोक म्हणाले, फळा आजवर एकदाही चुकलेला नाही. या एका वाक्यावर फळा वाचला, तोही पुढच्या सभेपर्यंतच. ती सभा येत्या रविवारी होती.

आणि एक गोष्ट आपाने कोणालाच सांगितली नव्हती. तिला काचबिंदू होता. दीड वर्षापूर्वी डॉक्टरांनी सांगितलं होतं, गेलेली नजर परत यायची नाही, उरलेली सांभाळा. तिचा मुलगा साद भिवंडीत लूम चालवायचा. आईने आपल्याकडे राहायला यावं म्हणून तो कधीचा मागे लागला होता, आणि ती दर वेळी म्हणायची, फळा कोण लिहील? डोळ्यांचं त्याला कळलं असतं तर तो त्याच दिवशी रिक्षा घेऊन अंजूरच्या धक्क्यावर हजर झाला असता.

म्हणून ती हाताने लिहायची. अक्षरं बोटांना पाठ होती आणि कप्पे उंचीने ठाऊक होते: बुधवार डोळ्यांसमोर, शुक्रवार खांद्याला, रविवार कमरेपाशी. पण आदल्या दिवशी, मंगळवारी, तुळशीरामने कुजलेला खांब बदलून फळा नव्या खांबावर ठोकला होता, नेमका एक कप्पा खाली. जगातली प्रत्येक गोष्ट सांगणारा हा माणूस एवढी एक सांगायला विसरला.

आपाने खांद्याच्या उंचीवर लिहिलं: दिशाची हळद. चार वाजता. पाड्यावर, जान्या-बायडीच्या घरी. सर्वांनी यावे.

बायडीला वाचता येत नव्हतं. तिने विचारलं, माझं नाव यात कुठं, आणि आपाने बोटाने दाखवलं. पुसलं जाईल या भीतीने बायडीने फळ्याला हात लावला नाही, पण मिठागरात जायला तिला त्या दिवशी उशीर झाला.

गुरुवारी साडेतीनला ती मिठागरातून परतली. पाय पोटरीपर्यंत पांढरे झालेले. अंगणात मांडवाचे नुसते खांब उभे होते, वर पान नव्हतं. नवरा जान्या धवलेरीला आणायला पडघ्याकडे गेलेला. पाड्यावरची लग्नं लावते ती बाई म्हणजे धवलेरी, आणि ती उद्या येणार होती. दिशा वळच्या गोदामात पॅकिंगच्या ड्युटीवर होती, नवरीला सुट्टी उद्यापासून. सासू, सगळ्या पाड्याची आक्का, उंबऱ्यात सुकट निवडत बसली होती.

बायडीने पाय धुवायला तांब्या उचलला आणि तिला बांधावरून माणसं येताना दिसली.

सगळ्यांत पुढे शमीमआपा, हिरवी कोरी साडी, हातात रुमालाने झाकलेलं ताट. मागे महमूदभाई, शाळेच्या बाई, इस्त्रीचा शर्ट घातलेला तुळशीराम, हिरामणदादा काठी टेकत, नटलेल्या बायका, आणि भूपेश. चाळीसएक माणसं असतील. बेट लोटलं होतं. तेही चुकीच्या दिवशी.

"मांडव अजून उघडाच?" भूपेशने विचारलं आणि खिशातून मोबाइल काढला. "हळद आजच आहे ना? फळ्यावर तर गुरुवारच लिहिलंय."

हा प्रश्न त्याने सहज विचारला असेलही. पण विचारताना तो आपाकडे पाहत होता, आणि आपा ताटावरचा रुमाल नीट करू लागली. तिला शुक्रवार ऐकल्याचं आठवत होतं, पण दुपारी सगळे फळा वाचून बोलवायला आले तेव्हा आपलीच ऐकण्यात चूक झाली असं तिने धरलं होतं. बायडीने तिच्याकडे पाहिलं. त्या चेहऱ्यावर तिने काय वाचलं कोण जाणे. अक्षरं येत नसली तरी तिला वाचता येत नव्हतं असं कोणी म्हणू नये.

"आजच हाय," बायडी म्हणाली. "आमच्यात मांडव पाहुन्यांनीच झाकायचा असतो. पाहुने आल्याबिगर पान चढवीत न्हाईत."

पाड्याच्या सात पिढ्यांत अशी चाल कोणी ऐकली नव्हती. उंबऱ्यातून आक्काने मान वर केली आणि "आज?" म्हणायला तोंड उघडलं. बायडीने तितक्यात सुकटीचं सूप तिच्यापुढून ओढलं आणि हळकुंडांची परडी ठेवली. आक्का ऐंशीची होती, पण तिला दोनदा सांगावं लागत नसे. तिने तोंड मिटलं. शेजारणी दारादारांत उभ्या होत्या. त्यांच्याकडे बायडीने फक्त एकदा पाहिलं, आणि कोणी कोयता काढला, कोणी पाटा धुवायला घेतला, कोणी घरातला तांदूळ पदराखाली घेऊन मागच्या दाराने बायडीच्या चुलीकडे गेली.

मग एकामागून एक चाली निघाल्या. हळद पाहुण्यांनी वाटायची, महमूदभाईंनी बाह्या दुमडून पाटा घेतला. भूपेशला खांबावर चढवलं. मोबाइल खिशात टाकून तो आंब्याचे टाळे बांधू लागला. खालून हिरामणदादा काठीने त्याला कुठे बांधायचं ते दाखवत होते आणि तो पडतोय की काय असं सगळ्यांना वाटत होतं. शाळेच्या बाईंनी अंगण सारवलं. नवरी कुठे आहे, असं कोणीतरी विचारलंच.

"नवरी आमच्यात शेवटाला येते," बायडी म्हणाली.

आणि ती आलीही. साडेपाचला, मधेच उठून गेलेल्या तुळशीरामच्या होडीने, गोदामाचा निळा अ‍ॅप्रन अंगात, गळ्यात ओळखपत्र. स्वतःच्या अंगणात चाळीस माणसं आणि वर हिरवा मांडव बघून दिशा जागच्या जागी थबकली. आईने तिचा हात धरून पाटावर बसवलं. पहिली हळद आपाने लावली. आक्काने गाणं उचललं, तिचा आवाज फाटका होता, पण एकेक बाई त्यात मिळत गेली आणि पाहुण्यांमधल्या बडबडणाऱ्यांनाही गप्प बसावंसं वाटलं. उद्याचा भात आज शिजला. बेटावरची माणसं पाड्यावर पहिल्यांदा जेवली, आणि पुरून उरलं.

जाताना जो तो म्हणत होता, किती छान चाली आहेत यांच्या. भूपेशने तर तसं ग्रुपवर टाकलंसुद्धा, मांडवाच्या फोटोसकट. बारा घरांपैकी एकाही घराने तोंड उघडलं नाही. अशी माणसं शेजारी असावीत आणि आपल्याला इतकी वर्षं त्यांचा उंबरा ठाऊक नसावा, याची लाज वाटली पाहिजे; निदान त्या दिवशी बांधावरून परतताना काहींना ती वाटत होती.

शुक्रवारी दुपारी तुळशीरामच्या होडीतून जान्या उतरला आणि त्याच्यामागून एक उंच म्हातारी. फळ्यापाशी आपा उभी होती. म्हातारीने तिला हळदीच्या घराची वाट विचारली.

"हळद काल झाली," आपा म्हणाली.

"काल कशी व्हईल?" म्हातारी म्हणाली. "धवलेरी मी. मना शुक्करवारचाच सांगावा व्हता. आज."

जान्याने घाईघाईने म्हातारीचं बोचकं उचललं, पायांकडे बघत काहीतरी पुटपुटला आणि तिला बांधाच्या वाटेला लावलं. आपा तिथेच राहिली. मग तिने फळ्याची वरची कड चाचपली आणि तिथून बोटांनी कप्पे मोजत खाली आली. सोम, मंगळ, बुध, गुरू. बोटं खडूच्या अक्षरांवर थांबली. तिने पुन्हा मोजलं.

आधी तिला लाज वाटली. मग एकेक आठवत गेलं: उघडे खांब, न वाटलेली हळकुंडं, अ‍ॅप्रनमधली नवरी. आणि बायडीने काल काय केलं होतं ते तिला कळलं. संध्याकाळी मिठागरापलीकडून आक्काचं आणि धवलेरीचं गाणं ऐकू येत होतं. खरी हळद आज चालली होती, पाहुण्यांवाचून, आणि काय शिजवून कोण जाणे.

शनिवारी सकाळी वऱ्हाड निघालं. लग्न नवऱ्या मुलाच्या, किशनच्या गावी, पडघ्याजवळ होतं. निरोप द्यायला निम्मं बेट धक्क्यावर जमलं होतं आणि पाड्यावरचे लोक होडीत चढत होते. आपा आली, तिने सगळा फळा पुसला आणि सगळ्यांदेखत लिहायला लागली. भूपेश सवयीने मोठ्याने वाचू लागला.

"गुरुवारी झालेली हळद खरी शुक्रवारी होती. चूक माझी. बायडीने आपल्याला माघारी पाठवलं नाही, स्वतःची अडचण..."

इथे त्याचा आवाज उतरला. पुढचं त्याने मनातल्या मनात वाचलं आणि मोबाइल धरलेला हात खाली घेतला.

होडीत पाय टाकलेली बायडी परत फिरली. पिवळी साडी, कपाळाला हळद, गर्दीतून ती थेट फळ्यापाशी आली.

"ह्या कुनी सांगितला?"

"मी लिहिलं," आपा म्हणाली. "खरं आहे ते, बायडी. उद्या सभा आहे. लोकांना खरं कळायला हवं."

"खरा असंल. पन बातमी माज्या घरची. मी तर सांगाया आलेलीच न्हाय."

बावीस वर्षांचा नियम होता, आणि तो आपानेच घातला होता. बायडीने आपाच्या हातातलं फडकं घेतलं, दिशाला हाक मारली आणि आपल्या घरचं कुठवर आहे ते दाखवायला सांगितलं. दिशाने बोट ठेवलं तिथपर्यंत तिने पुसत नेलं. खाली एक ओळ उरली.

"ही?"

दिशाने ती हळू वाचली. "मला आता नीट दिसत नाही."

बायडीचा हात थांबला. "ही आपाच्या घरची," ती म्हणाली आणि फडकं आपाच्या हातात परत दिलं.

सगळे बघत होते. भूपेशही. आपाने ते फडकं घडी करून कमरेला खोचलं. ओळ तशीच राहिली.

"आता माजी लिव," बायडी म्हणाली. "दिशाची हळद झाली. सगली आली व्हती."

आपाने खडू उचलला आणि हात वर नेला. तो कुठल्या उंचीवर टेकावा हे तिला कळेना. बायडी तिच्या खांद्याशी सरकली आणि दुसऱ्या कोणाला ऐकू जाणार नाही अशा आवाजात म्हणाली, "मोठी लिव, आपा. तुला दिसंल अशी."

तुळशीराम होडी सोडायच्या घाईत होता, पण तोही थांबला. आपाने लिहायला घेतलं. नुसतं 'दिशा' लिहायलाच सोमवार, मंगळवार आणि बुधवार लागले.