बेबीनंदाच्या नावाचं गाणं

केदारखेड्याच्या पुष्पाबाईनं लेकीच्या लग्नात इहिणीला गाण्यातून अशा काही शिव्या घातल्या, की मांडव हसून लोळला. घालायच्याच असतात! नवरीकडच्या बायांनी नाव घेऊन धुतलं न्हाई, तर वरमाईच रुसून बसते. इहीण, तीर्थपुरीची बेबीनंदा, तर पदराआड खिदळत होती.

बेबीनंदा जेवाया बसली, उठंना काही केल्या,
बुंदीच्या पराती तिनं एकटीनं गिळल्या!

एवढी खरडपट्टी काढली, की शेवटच्या कडव्यात इहिणीला लक्ष्मी म्हणून ओवाळायचं, रीतच तशी. तेही पुष्पाबाईनं गळा भरून गायलं होतं.

तिच्या पोरानं, भारतनं, सारं मोबाइलवर घेतलं होतं. पुण्यातल्या एका छोट्या म्युझिक कंपनीला असलीच गाणी हवी होती. गाणं नेटवर सगळ्यांना मोकळं सोडायचं. ज्याला वाटेल त्यानं घ्यावं, कापावं, ढोल जोडावा, फक्त गाणारीचं नाव लिहावं. वर ऐकणाऱ्यांना आवतण: करा रिमिक्स, पाठवा आमच्याकडं!

“देऊ का, आई?” भारतनं विचारलं.

“दे की. गाण्याला काय कुलूप लावतेत का कुठं?”

गाणं सगळ्यांचंच असतं, हे पुष्पाबाईला जन्मापासून ठाऊक. त्यात एका जित्या बाईचं नाव आहे, हे मात्र तिच्या डोक्यात आलंच न्हाई.

पोरांनी त्या गाण्याचा पार भुगा केला. लक्ष्मीचं कडवं कापून फेकलं आणि ‘बेबीनंदा, एकटीनं गिळल्या, गिळल्या, गिळल्या’ तेवढं ढोलावर ठेवलं. कंपनीनं त्यालाच पहिला नंबर दिला, आणि हा येडा भारत गावभर पेढे वाटून आला! मंग काय, वरातीत तेच, हळदीत तेच. चतुर्थीला बेबीनंदा राजूरच्या गणपतीला गेल्ती, तर तिथल्या एका दुकानाच्या भोंग्यावर तिचंच नाव बोंबलत होतं. तिच्याच गावची पोरं तिच्याकडं बोट दाखवून नाचत होती.

इकडं लेकीला, शालूला, सातवा महिना सरला. पहिलं बाळंतपण माहेरी, म्हणून पुष्पाबाई भारतला घेऊन तिला आणायला तीर्थपुरीला गेली. दारातच ती बेबीनंदाच्या पाया पडली.

“चुकलं माझं, इहीणबाई. कंपनीला फोन केल्ता. त्यांनी त्यांच्याकडचं काढलं, पण लोकांनी घेतलेलं वापस येत न्हाई म्हणतेत.”

“मांडवात सगळ्यात जास्त मी हसले, इहीणबाई,” बेबीनंदा म्हणाली. तिचा आवाज चढला न्हाई, हेच वाईट. “ते गाणं माझं होतं. तुम्ही ते साऱ्या मुलखाला देऊन टाकलं. आता मी पंगतीला बसत न्हाई. माझ्यापुढं ताट आलं की लोक हसून राह्यले. माझी सून कुठं जाणार न्हाई. बाळंतपण हितंच होईल.”

पुष्पाबाईला भारतच्या मुस्काटात द्यावीशी वाटली. पण ‘दे’ म्हणणारी तर तीच होती. शालू आतल्या दारात उभी होती, पोटावर हात ठेवून. आता लेकच काय ते बोलेल, सासूला गळ घालेल, एवढी आशा उरली होती.

“शालू, तू तरी सांग की गं!”

“काय सांगू?” शालूनं आईकडं बघितलंसुद्धा न्हाई. “बारशाला पाळणा म्हणायला बी येऊ नको, आई. माझ्या लेकराचं नाव तुझ्या तोंडात बिलकुल नको.”