सुट्टीच्या दिवशीचे ठोके

मित्रांनो, मी एक जुना पट्टा आहे. कमरेचा नव्हे हं, मनगटाचा! हृदयाचे ठोके, झोप आणि मेहनत टिपून ठेवणं हे माझं काम. कारखान्यात माझ्यासारखे ढीगभर जन्मले, पण मी भिंगरीच्या हाती पडलो आणि माझं नशीब उघडलं. भिंगरी म्हणजे सुताराची मुलगी. पळायला लागली की डोळ्यांना दिसायची नाही, म्हणून मैदानावर सगळे तिला भिंगरीच म्हणत.

आठवडाभर मी तिच्याबरोबर घामात भिजायचो. मी टिपलेले आकडे खेळाडूंच्या आहारतज्ज्ञ मॅडमच्या पडद्यावर जात. ते पाहून भिंगरीने कधी, काय आणि किती खायचं, हे मॅडम ठरवत. केवढा माझा मान! मी नुसता फुगून जायचो.

पण एक घोटाळा झाला. सरावाला सुट्टी असली की भिंगरी मला खिडकीत काढून ठेवायची आणि ताणून द्यायची. मग तिचे बाबा हळूच मला स्वतःच्या मनगटावर चढवायचे. लेकीचं कौतुक, दुसरं काय! दिवसभर करवत आणि रंधा. माझे तर सांधे खिळखिळे व्हायचे. संध्याकाळी मी गुपचूप पुन्हा खिडकीत.

मॅडमना वाटलं, सुट्टीच्या दिवशी पोरगी फारच झिजते. त्यांनी त्या दिवसाचं खाणं वाढवलं. भिंगरी आज्ञाधारक. सगळं फस्त करायची आणि दुसऱ्या दिवशी जड अंगाने मैदानावर मागे पडायची. प्रशिक्षकांनी माझे आकडे पाहिले आणि त्यांचा पारा चढला.

"सुट्टीच्या दिवशी चोरून पळतेस? पाय गमावून बसशील! शर्यतीच्या संघातून तुझं नाव काढतोय मी."

"सर, खरंच सांगते, मी झोपलेली असते हो!" भिंगरी रडकुंडीला आली. मला सगळं ठाऊक होतं, पण मला तोंड कुठे? जीव नुसता तळमळत होता.

मॅडमनी तिला बोलावलं. बाबाही बरोबर आले. पडद्याकडे बघत मॅडम म्हणाल्या, "अगं, हे ठोके तुझ्या इतर दिवसांशी जुळतच नाहीत. बघू तो पट्टा." भिंगरीने मला टेबलावर ठेवलं आणि माझ्या बक्कलमधून चिमूटभर लाकडाचा भुसा सांडला. शाबास रे भुशा!

बाबा खाकरले. "तो... मीच, मॅडम. पोरीचं यंत्र माझ्याबद्दल काय म्हणतं, ते बघत होतो. हिला नका काढू."

भिंगरी रडता रडता हसायला लागली. मॅडमनी तिथूनच प्रशिक्षकांना फोन केला आणि तिचं नाव संघात राहिलं. मग त्या बाबांकडे वळल्या. "काका, या आकड्यांत दुपार उलटली तरी तुमचा हात थांबलेला दिसत नाही. जेवता कधी?"

"चहा होतो की मध्ये."

"पट्ट्याला पोट दिसत नाही, म्हणून विचारलं."

भिंगरीचं हसू थांबलं. तिच्या ताटाकडे एवढ्या जणांचं लक्ष होतं आणि बाबांच्या ताटाकडे कुणाचंच नव्हतं.

ती शर्यत भिंगरीच्या संघाने जिंकली. आता तिच्या हातात नवा कोरा पट्टा आहे. माझी काच चरे पडून धुरकटली, म्हणून मी कायमचा बाबांकडे आलो. मित्रांनो, आम्हाला पुसा, आमचा घाम वाळवा, आमचे आकडे जरूर वाचा. पण वाचून झालं की त्या माणसालाही विचारा, जेवलास का?

माझं म्हणाल तर मी मजेत आहे. सुट्टीच्या दिवशी भिंगरी डबा घेऊन येते आणि रंध्यावर हात ठेवून उभी राहते. बाबा कुरकुरतात, मग हात धुतात. तेवढा वेळ मला फारसं काम नसतं, आणि दिवसातला तोच वेळ मला सगळ्यात जास्त आवडतो.