चुन्याच्या घरात वांग्याचं बी

मित्रांनो, मी एक जुनी, दोन तोंडांची डबी आहे. घाबरू नका, दोन्ही तोंडांनी मी एकच गोष्ट सांगणार आहे. माझ्या एका झाकणाखाली तंबाखू असे आणि दुसऱ्याखाली चुना. तंबाखूच्या झाकणावर बोटभर आरसा आहे. त्या आरशाचा मला फार तोरा होता.

सायवनच्या हिरूने मला विवळवेढ्याच्या महालक्ष्मीच्या जत्रेत घेतलं, त्याला पस्तीस वर्षं झाली. त्याचं नुकतंच लग्न झालं होतं. रखमीला बांगड्या आणि स्वतःला मी, एवढीच त्या दिवशीची खरेदी. तेव्हापासून मी त्याच्या खिशात राहिले. दिवसातून दहा-बारा वेळा माझं झाकण वाजे. भातलावणी असो, लग्नाची बोलणी असो, मी बाहेर निघाले की चार हात पुढे येत. माझ्यावाचून गावाचं पान हलत नाही असं मला वाटायचं. काय करणार, चकचकीत होते तोवर अक्कल नव्हती.

आता हिरूची एक सवय सांगते. खळ्यावर तो कधी थुंकला नाही. जिथे भात झोडायचा, जिथे धान्याची रास पडायची, तिथे थुंकणं त्याला पाप वाटे. तोंडात तंबाखू तर असेच, मग तो रस गिळून टाकी. हिरूच्या खळ्यावर एक डाग सापडायचा नाही म्हणून लोक त्याला नावाजत. मीही खिशात फुगून बसे. खळ्याचा मान राहिला, पण तो रस ज्या नळीतून खाली जात होता, तिचा विचार कुणीच केला नाही. त्यात चुलीवरून उतरलेला कोरा चहा तो फुंकरही न घालता पिई, आणि बाजाराच्या दिवशी मोहाची दारूही होई.

गावातली आशा सेविका निलम त्याला तंबाखूवरून नेहमी टोके. तो हसून मोठा आ करी आणि म्हणे, बघ, तोंडात काही आहे का? तोंड स्वच्छ म्हणजे सगळं स्वच्छ, असा त्याचा हिशोब होता.

चार वर्षांपूर्वीच्या पावसाळ्यात हिरूला भाकरी अडकू लागली. त्या आठवड्यात घरात सुकी मासळी झाली होती, म्हणून त्याने ठरवून टाकलं की घशात काटा रुतलाय. काटा खाली ढकलायला त्याने भाताचे गोळे गिळले, केळी गिळली. माझ्याच आरशात घसा बघितला. मला तर काटा दिसला नाही. मग तो भाकरी चहात बुडवून खाऊ लागला, आणि पुढे नुसत्या पेजेवर आला. रखमीला सांगे, हल्ली पेजच गोड लागते. दोन महिन्यांत त्याची कंबर इतकी उतरली की खिशात मी लोंबू लागले. मला सगळं कळत होतं आणि माझा जीव तुटत होता, पण डबीला कोण विचारतो?

मग नव्या भाताचा दिवस आला. या घरची रीत अशी की नवं धान्य आधी देवाला आणि पूर्वजांना दाखवायचं, मग घरातल्या मोठ्याने पहिला घास घ्यायचा. तो घास पोटात गेल्याशिवाय कुणी जेवत नाही. पोरंबाळं पानं मांडून बसली. हिरूने घास घेतला, चावला, आणि तो छातीत अडकला. डोळ्यांत पाणी आलं, घास बाहेर आला.

रखमीने त्याच्या पानातला घास उचलला आणि स्वतः खाल्ला. "घरानं नवं खाल्लं," ती म्हणाली. "पोरांनो, जेवा. उद्या सकाळी आपण दवाखान्यात जायचं."

हिरू काट्याचं सांगू लागला. ती एवढंच म्हणाली, "दोन महिने काटा राहात नाय रे."

निलम सोबत गेली, आणि खिशात मीही. तिथून मोठ्या दवाखान्यात पाठवलं. घशातून नळीत दुर्बीण घालून पाहिलं, आतला लहानसा तुकडा काढून तपासला. अन्ननलिकेचा कर्करोग निघाला. डॉक्टरीणबाईंनी काही लपवलं नाही. आपल्या देशात वर्षाला साठ-सत्तर हजार माणसांना हा होतो, पुरुषांना जास्त. तंबाखू, बिडी आणि दारू ही मोठी कारणं, आणि तंबाखू-दारू दोन्ही असली तर धोका कितीतरी वाढतो. उकळता चहा आणि ताटात भाजी-फळं कमी असणं, हेही त्यात भर घालतं. काहींना मात्र यातलं काहीच नसताना होतो. शंभरातले पंधरा-वीसच पाच वर्षं पार करतात, कारण बहुतेक जण फार उशिरा येतात. लवकर आलेल्यांतले निम्म्याच्या आसपास तरतात.

"तुम्ही त्या निम्म्यांच्या रांगेत आहात," त्या म्हणाल्या. "आणखी चार महिने काटा शोधत बसला असता तर नसता."

मुंबईला औषधं झाली, किरण झाले, मग ऑपरेशन. हिरू काडीसारखा होऊन घरी आला. आल्या आल्या त्याने मला ओहोळात फेकायला काढलं. मी थरथरले, खोटं कशाला सांगू? रखमीने मला त्याच्या हातातून घेतलं. म्हणाली, "डबी काय करते? भरणारा हात आपला."

तिने मला राखेने घासलं, गरम पाण्याने धुतलं, उन्हात वाळवलं. तंबाखूच्या घरात लाल माठाचं बी भरलं आणि चुन्याच्या घरात वांग्याचं. काय सांगू, माझ्या पोटात प्रथमच काहीतरी जिवंत आलं. आता घरामागच्या वाफ्यात जे हिरवं दिसतं, त्यातलं निम्मं माझ्या पोटचं आहे. चहासुद्धा आता निवल्याशिवाय कुणी पीत नाही.

पुढच्या नव्या भाताला हिरूने लिंबाएवढा घास घेतला आणि तो न अडकता पोटात उतरला. यंदाचा हा चौथा घास. पूर्ण पाच वर्षं झाली की डॉक्टरीणबाई जरा मोकळं हसणार आहेत, पण आम्ही काही तोवर थांबलो नाही. यंदा नात रुचिका पान मांडून बसली होती. आजा घास चावत बसला, चावत बसला.

"आज्या, आता गिळ ना," ती म्हणाली. "भूक लागली."

हिरूने घास गिळला. मग जेवायला आलेल्या निलमकडे वळून पूर्वीसारखाच मोठा आ केला, रिकामा. घर हसून हसून दमलं. माझ्या आरशात त्याचं तोंड दिसलं, आणि मला इतका आनंद झाला की झाकण आपोआप उघडेल की काय असं वाटलं.

मित्रांनो, तुमच्या घरात कुणी भाकरी सोडून गुपचूप पेजेवर आलं, तर जिभेचे लाड म्हणून सोडून देऊ नका. विचारा. आणि कुणाच्या खिशात माझी बहीण असेल, तर ती रिकामी करून माझ्याकडे आणा. वांग्याचं बी यंदा भरपूर धरलंय.