जगदेवीचं अर्पण

आमच्या मुरूम गावात शेतातली मोटार जळाली की माणूस आधी नशिबाला शिव्या घालतो आणि मग माझ्या नवऱ्याकडे येतो. नवऱ्याचं नाव उत्तरेश्वर. नाव महादेवाचं, काम मोटारीच्या वाइंडिंगचं आणि वेड येशूचं. तांब्याची तार गुंडाळता गुंडाळता हे गिऱ्हाइकाला प्रभूची गोष्ट सांगायचे आणि मोटार सोडून जाता येत नसल्यामुळं गिऱ्हाईक ती शेवटपर्यंत ऐकायचं. मी आतून ओरडायचे, अहो, आधी तार नीट गुंडाळा. हे नुसते हसायचे.

मी थट्टा करते, पण ह्यांची श्रद्धा दिखाऊ नव्हती. गल्लीत कुणाचं म्हातारं माणूस अंथरुणाला खिळलं की हे जाऊन त्याचं अंग पुसून येत. जात विचारत नसत, चहासुद्धा घेत नसत. अशा माणसावर माझा जीव आहे. म्हणूनच पुढचं सांगताना जड जातं.

पाच वर्षांपूर्वी ह्यांना टीबी झाला. खोकल्यातून रक्त पडायला लागलं आणि सरकारी दवाखान्यातून गोळ्या सुरू झाल्या. सहा महिने रोज सकाळी उपाशीपोटी मी ह्यांच्या तळहातावर गोळ्या ठेवल्या आणि गिळल्या का ते तोंड उघडायला लावून बघितलं. गोळ्यांनी लघवी लाल व्हायची, तर हा बाप्या लेकरासारखा घाबरायचा. मग आम्ही दोघं गुडघे टेकून प्रार्थना करायचो. गोळ्या चुकल्या नाहीत आणि प्रार्थनाही चुकली नाही. हे खडखडीत बरे झाले.

आमच्या मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, रविवारच्या उपासनेत साक्ष द्यायची रीत आहे. देवानं आपल्यासाठी काय केलं ते उभं राहून चारचौघांत सांगायचं. पहिल्यांदा ह्यांनी गोळ्यांसकट सगळं सांगितलं. लोकांनी माना डोलावल्या. दुसऱ्या वेळी उमरग्याच्या मेळाव्यात बोलण्याच्या भरात गोळ्या राहून गेल्या. डॉक्टरांनी हात टेकले आणि प्रभूनं हात धरला, एवढंच ह्यांच्या तोंडून निघालं आणि अख्खा मांडव रडला. त्यानंतर साक्षीत गोळ्या परत कधी आल्या नाहीत.

मी एकदा हटकलं. हे म्हणाले, गोळ्यासुद्धा त्यानंच दिल्या की, पण त्यांचं नाव काढलं की लोक देवाला विसरतात आणि दवाखान्याचा पत्ता विचारतात. मला काही ते पटलं नाही. पण त्या मेळाव्यापासून बायका मला पुढं जागा करून देत होत्या, साक्षीवाल्यांची बायको म्हणून मान देत होत्या. ते मला गोड लागत होतं, खोटं कशाला बोलू. माझ्यासारखी तोंडाळ बाई नेमकी तिथंच गप्प बसली.

जगदेवी आमची भिंतीला भिंत लागून असलेली शेजारीण. घर लिंगायताचं, नवरा मल्लिकार्जुन आडतीवर पोती वाहायचा. मागच्या उन्हाळ्यात तिला खोकला लागला आणि टीबी निघाला. सरकारी दवाखान्याच्या आशाताई घरी गोळ्यांची पाकिटं आणून देऊ लागल्या. त्याच सुमारास जगदेवी आमच्या घरच्या शुक्रवारच्या प्रार्थनेला यायला लागली. हे तिच्यासाठी उपास धरायचे. ती मात्र दर वेळी एकच मागायची, भाऊ, तुमची साक्ष पुन्हा एकदा सांगा. आणि हे सांगायचे. मी तिथंच चहा गाळत असायचे. मल्लिकार्जुन गळ्यातलं लिंग जपणारा सरळ माणूस. तिला बरं वाटतंय ना, मग जाऊ दे, एवढंच तो म्हणायचा.

दोन महिन्यांत तिचा खोकला थांबला, गाल भरले. आम्ही टाळ्या वाजवून देवाची स्तुती केली. तिनं मला कोपऱ्यात ओढून सांगितलं, “अक्का, कापणीच्या सणाला म्या बी साक्ष देणार. अर्पण बी आणणार. लई मोठं.” ज्वारी निघाली की पहिलं पीक क्रूसापुढं ठेवायचं, हा आमचा फेब्रुवारीतला सण. ज्याच्याकडं शेत नाही तो अंडी आणतो, कोंबडी आणतो. मला वाटलं, ही शेळी आणते की काय.

दिवाळीनंतर खोकला परत आला. मी सरळ विचारलं, गोळ्या खातेस का गं? ती म्हणाली, आशाताईंना विचार की, रिकामी पाकिटं त्याच घेऊन जातात. ते खरंच होतं. जानेवारीत तिला सोलापूरला नेलं आणि आठव्या दिवशी ती गेली. त्यांच्या रिवाजाप्रमाणं तिला बसवून माती दिली. आम्ही कडेला उभे होतो. हे इतके रडले की लोक मल्लिकार्जुनाला सोडून ह्यांनाच धरत होते.

कापणीच्या सणाला मल्लिकार्जुन पहिल्यांदा आमच्या मंडळीत आला. चपला बाहेर काढून दारातच घुटमळला. त्याच्या हातात नव्या खणात बांधलेला स्टीलचा डबा होता. सोलापूरला शेवटी शेवटी तिनं त्याला सांगितलं होतं म्हणे, घरी धान्याच्या कणगीत डबा आहे, तो सणाला क्रूसापुढं ठेव, उघडू नको. तो बिचारा शब्दाला जागला. मला म्हणाला, काय आहे ठाऊक नाही, तिच्या मनाचं आहे.

अर्पणं मांडायचं काम माझ्याकडं होतं. डबा हातात घेतला तर आत खडखडलं. तूर असेल, नाहीतर हरभरा. कणसांच्या शेजारी डबा उघडाच ठेवावा म्हणून मी खण सोडला आणि झाकण काढलं.

आत विटकरी रंगाच्या गोळ्या होत्या, काठोकाठ. पाकिटातून एकेक सोडवून ठेवलेल्या. सहा महिने त्या मी ह्यांच्या हातावर ठेवल्या होत्या, मला ओळखायला वेळ लागला नाही. एकही न खाता मी बरी झाले, असं तिला डबा दाखवून सांगायचं होतं. खोकला मधे थांबला, तो रोगानंच दिलेला चकवा होता, पण हीच तिची साक्ष होती.

हे पहिल्या रांगेत बसले होते. मी डबा नेऊन ह्यांच्या मांडीवर ठेवला. ह्यांनी आत पाहिलं, मग माझ्याकडं पाहिलं आणि डोळे मिटले. तेवढ्यात पास्टरांनी नेहमीप्रमाणं साक्षीसाठी ह्यांचंच नाव घेतलं.

हे उठले. डबा हातात तसाच. डॉक्टरांनी हात टेकले, इथपर्यंत बोलले आणि थांबले. मागून कुणीतरी धीर द्यायला हालेलुया म्हणालं.

“न्हाय,” हे म्हणाले. “डॉक्टरांनी हात टेकले नव्हते. म्या गोळ्या खाल्ल्या. सहा महिने, एक दिवस न चुकता. देवानं मला त्या गोळ्यांनीच बरं केलं. म्या ते तुमच्यापासून लपवलं. जगदेवीपासून बी लपवलं. तिनं माझं ऐकलं. ह्या तिच्या गोळ्या.”

दाराशी बांधलेली अर्पणाची कोंबडी फडफडत होती. मल्लिकार्जुनाला आधी काही उमगलं नाही. मग तो उठला, कणसं ओलांडून पुढं गेला आणि ह्यांच्या हातातला डबा घेऊन त्यात बघत राहिला. मला वाटलं, आता हा डबा ह्यांच्या तोंडावर मारणार. मारला असता तर बरं झालं असतं. ह्यांनी मानही खाली घातली होती.

पण तो माझ्याकडं वळला. ह्यांना गोळ्या मीच दिल्या असणार, हे त्याला न सांगता कळलं असावं. संसारी माणूस होता.

“शांताक्का,” तो म्हणाला, “तुमी खोटं बोलू नका. ह्या खाल्ल्या असत्या तर ती आज हितं असती का?”

देवाची मर्जी म्हणता आलं असतं. सगळी सभा तेच वाक्य माझ्या तोंडून ऐकायला थांबली होती. इतकी वर्षं मी चहा गाळत गप्प बसले होते.

“व्हय,” मी म्हटलं. “असती.”