फातिमाची रिकामी जागा

बायको गेली तेव्हा यज्ञेश्वरांची एकुलती एक मुलगी मुक्ता पोर्तुगालहून वेळेवर पोचली नाही. विमान चुकलं, एवढंच. पण यज्ञेश्वर मुळात तापट, त्यात दुःखानं सैरभैर. दिवसकार्य उरकताच त्यांनी क्षेत्रसंन्यास घेतला. म्हणजे मरेपर्यंत काशीच्या पंचक्रोशीबाहेर पाऊल टाकायचं नाही. अमृतराव घाटाजवळच्या मराठी मंडळींनी हात जोडले. कसलं वैराग्य आणि कसलं काय! मुलीच्या दारी कधी जाणार नाही, हा राग त्यांनी देवाच्या नावावर खपवला होता. राग महिन्याभरात उतरला, संकल्प मात्र मानगुटीवर बसला तो बसलाच. आता बाबतपूरचा विमानतळसुद्धा हद्दीबाहेर.

मग मुक्ताचं पाकीट आलं. आत चार ओळींची खुशाली, वर चर्चचं टपालतिकीट. फोनवर काय बोलावं ते न सुचून यज्ञेश्वर म्हणाले, "तिकीट सुंदर आहे. आणखी मिळतात का गं असली?" झालं, छंद लागला. पाकिटावर गाय असती तर त्यांनी गायी जमवल्या असत्या.

तेव्हापासून अधूनमधून पाकिटं येत राहिली. पुढे पुढे आत खुशालीही नसायची, पण वर मुक्ताच्या तिरप्या अक्षरात त्यांचं नाव असायचं. यज्ञेश्वर तिकिटाचा तुकडा कापून वाटीतल्या पाण्यात भिजवत, सुटलेलं तिकीट पंचांगात दाबून वाळवत आणि अल्बममध्ये लावत. मुक्ता फिरायला जाईल त्या देशातूनही पाकीट टाकायची: लूर्द, सांतियागो, ब्रागाचं ते उंच पायऱ्यांचं चर्च. भिंग लावून ते पायऱ्या चढायचे, दारातून आत शिरायचे. खाली घाटावर देशभरचे यात्रेकरू उतरत, बुडी मारत आणि आपापल्या घरी परतत. यज्ञेश्वरांना कुठे जायचंच नव्हतं. दिवसभरात बोलायला शेजारचा सुमंत, तोही "काका, पाण्याची मोटार बंद करा" एवढंच सांगायचा.

अल्बमच्या पहिल्या पानावर त्यांनी फातिमाची जागा राखून ठेवली होती. पोर्तुगालमधलं हे मोठं तीर्थ. तिथे नवस बोललेली माणसं गुडघ्यांवर चालत जातात, असं मुक्तानं सांगितलं होतं. "त्याचं जुनं तिकीट मिळालं की पाठवते," ती दर फोनला म्हणायची. ते इतक्यात न मिळो, असं यज्ञेश्वरांना मनातून वाटायचं.

परवा पोस्टमननं हाक मारली, "बाबूजी, अबकी मोटा लिफाफा है!"

पत्ता छापील होता. आत कुणा विक्रेत्यानं पाठवलेली कोरी तिकिटं, राहिलेली सगळीच्या सगळी. फातिमाचंसुद्धा. मुक्तानं बापाची हौस एका फटक्यात भागवून टाकली होती. यज्ञेश्वरांनी दुपारभर बसून तिकिटं लावली. अल्बम भरला आणि त्यांना रडू कोसळलं. आता तिच्याकडे मागायला काही उरलं नव्हतं.

डोळे पुसून त्यांनी चिमट्यानं फातिमाचं तिकीट पुन्हा काढलं, पद्माच्या, म्हणजे बायकोच्या, कुंकवाच्या करंड्यात ठेवलं, झाकण घट्ट लावलं आणि फोन केला.

"बाबा! पूरा सेट मिळाला ना? आता खूश?"

"एक राहिलंय."

"कुठलं?"

"फातिमाचं."

"असं कसं? मी स्वतः निवडलं होतं! थांबा, दुकानवाल्याला झापते. तो दुसरं सीधा तुमच्याकडेच पाठवेल."

"दुकानवाल्याचं नको."

"मग?"

"तू पाठव. लिफाफ्यावर तुझ्या हातानं माझं नाव लिही. आत काही नसलं तरी चालेल."

मुक्तानं हळूच विचारलं, "बाबा, तुम्ही ठीक आहात ना?"

हे ती दर फोनच्या शेवटी विचारायची आणि "एकदम ठीक" म्हणून ते फोन ठेवायचे. आजही ते शब्द ओठांवर आले होते.

"नाही गं," ते म्हणाले. "तिकीट इथेच आहे, मीच लपवलंय. मला येता येत नाही, मुक्ता. तू ये."