मटारची भरलेली वाटी

“नीट बस की रे! आत्ता फोन येईल तिचा.”

नंदकुमारांनी पिंजऱ्यावरची जुनी शाल काढली, तरी मटार हलला नाही. पिसं फुगवून, मान पाठीत खुपसून तो दांडीवर गोळा होऊन बसला होता. मटार म्हणजे त्यांच्या घरातला इवलासा हिरवा पोपट, दुकानवाले लव्हबर्ड म्हणून विकतात तो. बाहेर चंदिगडचं जानेवारीतलं धुकं इतकं दाटलं होतं की समोरच्या पार्कातला झोपाळाही दिसत नव्हता. अशा थंडीत माणसंही अशीच बसतात, तिथं पाखराचं काय, असं म्हणून नंदकुमारांनी चहाचं आधण ठेवलं.

मटार खरं तर त्यांचा नव्हता. वरच्या मजल्यावर भाड्याने राहणारं हवाई दलातल्या अधिकाऱ्याचं कुटुंब बदली होऊन आसामात जोरहाटला गेलं, तेव्हा आठ वर्षांच्या रेवाने तो नंदकुमारांच्या बायकोच्या, सुलोचनाबाईंच्या हवाली केला होता. बदलीवाल्यांची ही रीतच आहे. जाणारा म्हणतो, ‘राहू दे तुमच्याकडे, पुढच्या वेळी नेतो,’ आणि राहणाऱ्याच्या बाल्कनीत लोकांच्या कुंड्या वाढत राहतात. नंदकुमारांनीही हवाई दलात विमानांची देखभाल करण्यात उमेदीची वर्षं घालवली होती, आणि निवृत्तीनंतर साताऱ्याला जायचं, जायचं म्हणता म्हणता ते इथेच मुरले होते. त्यामुळे त्यांच्या घरी आता तीन गावांना गेलेल्यांच्या तुळशी होत्या.

पण तुळशीची चौकशी कुणी करत नाही. मटारची व्हायची. नव्या शाळेत रेवाला अजून एकही मैत्रीण मिळाली नव्हती, आणि आठवडाभराचं सगळं ती रविवारी मटारला सांगायची.

सुलोचनाबाई बहिणीच्या आजारपणासाठी साताऱ्याला गेल्या होत्या. जाताना एवढंच म्हणाल्या होत्या, “त्याचं दाणापाणी बघा.” नंदकुमार डोळ्यांत तेल घालून बघत होते. रोज सकाळी पाणी बदलायचं, मग वाटीत नजर टाकायची. वाटी काठोकाठ भरलेली. विषय संपला. चोख कामाचा त्यांना जन्मभर अभिमान होता आणि तो खोटाही नव्हता. विमानाचा एखादा पेच ढिला असता तर त्यांना नुसत्या आवाजावरून कळला असता.

फोन वाजला.

“आजोबा, मटार को दिखाओ ना!” रेवाला मराठी सगळं कळायचं, पण उत्तर कायम हिंदीतच यायचं.

नंदकुमारांनी फोन पिंजऱ्यासमोर धरला. रेवाचा आवाज कानावर पडला मात्र, मटार एकदम ताठ झाला. पिसं अंगाला चिकटली, मान वर झाली, आणि त्याने चक्क चिवचिवाट केला.

“देखा? मुझे पहचानता है!”

“मग! ओळखणारच की तुला.”

रेवाने त्याला गणिताच्या बाईंबद्दल काहीतरी सांगितलं, दोन पापे घेतले आणि फोन ठेवला. नंदकुमार चहा घ्यायला वळणार, एवढ्यात त्यांची नजर पिंजऱ्याकडे गेली. मटार पुन्हा फुगून गोळा झाला होता. डोळे मिटलेले. प्रत्येक श्वासाला शेपटी खालीवर होत होती.

नंदकुमार जागच्या जागी थांबले. हे त्यांनी पाहिलेलं होतं, केलेलंही होतं. अंगात ताप फणफणत असताना साहेब समोरून जाईपर्यंत ताठ उभं राहायचं आणि साहेब वळला की भिंतीला टेकायचं.

“अरे चोरा,” ते पुटपुटले, “तू आजारी आहेस.”

त्यांनी साताऱ्याला फोन लावला.

“खातोय का पण?” सुलोचनाबाईंनी विचारलं.

“वाटी भरलेली आहे.”

“फुंकर मारलीत का?”

“कसली फुंकर?”

त्या हळू आवाजात म्हणाल्या, “अहो, ते दाणा सोलून खातात. टरफल वाटीतच पडतं. मी रोज सकाळी फुंकून टाकते की. तुमच्यासमोरच तर करते.”

नंदकुमार रोज त्याच खुर्चीत चहा प्यायचे, पेपर वाचायचे. बायको पिंजऱ्यापाशी काहीतरी करते एवढं त्यांना माहीत होतं. काय करते, ते कधी बघावंसं वाटलं नव्हतं.

त्यांनी वाटी बाहेर काढली आणि फुंकली. वाटीतलं सगळंच्या सगळं उडालं. ओट्यावर, चहाच्या कपात, स्वेटरवर राळ्याची पोकळ टरफलं पसरली आणि वाटीचा तळ लख्ख दिसला.

“अहो? बोला की.”

“काही नव्हतं गं आत,” नंदकुमार म्हणाले. “नुसतीच टरफलं होती.”

बुटाच्या खोक्याला भोकं पाडून, आत मऊ फडकं घालून ते रिक्षाने पक्ष्यांच्या डॉक्टरांकडे गेले. डॉक्टर तरुण पंजाबी मुलगी होती. तिने मटारला मुठीत घेऊन छातीवरून बोट फिरवलं. मांस झडून मधलं हाड धारेसारखं वर आलं होतं.

“ये आखिर तक छुपाते हैं, अंकल जी. जंगल में जो कमज़ोर दिखा, वो गया.”

“गलती मेरी है,” नंदकुमार म्हणाले. “खाना नहीं था. मुझे लगा, है.”

तिने त्यांच्याकडे पाहिलं आणि खोटा धीर दिला नाही. ऊब द्यायची, चोचीच्या कडेला औषधाच्या पाण्याचा एकेक थेंब लावायचा, घाई करायची नाही, हे तिने दोनदा समजावून सांगितलं.

घरी येऊन त्यांनी गरम पाण्याची पिशवी टॉवेलात गुंडाळली आणि खोकं तिला टेकवून ठेवलं. थेंब लावला की मटार चोच हलवायचा. दुपारी त्याने डोळे उघडले आणि दोन दाणेसुद्धा टिपले. नंदकुमारांनी ते आनंदाने सुलोचनाबाईंना कळवलं. स्वतः जेवायचं त्यांच्या डोक्यातही आलं नाही. ऊन तिरपं झालं तेव्हा मटार त्यांच्या तळहातावर होता. शेपटीची हालचाल थांबली. त्यांना आधी वाटलं, झोप लागली.

सुलोचनाबाई फोनवर रडल्या. मग नाक ओढून म्हणाल्या, “ऐका माझं. रेवाला सांगू नका. तस्साच हिरवा आणा दुकानातून. एवढंसं लेकरू ते, तिथं एकटं पडलंय. तिला काय कळतंय?”

त्यांचं म्हणणं मायेचंच होतं. नंदकुमार गेलेही. दुकानदाराने पिंजऱ्यातून नेमका तसा पोपट काढला, पिवळं तोंड, निळी शेपटी. “पक्का, सर जी! सेम टू सेम!” आणि ते खरंच होतं. नंदकुमारांनी खिशात हातही घातला. मग त्यांच्या मनात आलं, पुढच्या रविवारी हा चिवचिव करेल आणि ती पोर म्हणेल, मुझे पहचानता है. ते आपल्याला उभं राहून ऐकावं लागेल. त्यांनी खिशातला हात तसाच बाहेर काढला आणि ते घरी आले.

फोन त्यांनी स्वतःच लावला.

“रेवा, बाळा, मटार गेला.”

“कहाँ गया?”

“मेला गं तो.” ते पुढे म्हणाले, “चूक माझी आहे. वाटीत नुसती टरफलं होती, मला वाटलं दाणेच आहेत. तो उपाशी होता आणि मला कळलं नाही.”

रेवाचा खालचा ओठ थरथरला. फोन घ्यायला आईचा हात पुढे आला, तशी ती फोनसकट वळून बसली.

“सुबह उसको भूख लगी थी?”

“हो.”

“फिर भी उसने मुझसे बात की?”

नंदकुमारांनी मान डोलावली. त्यांनी चष्मा काढला, स्वेटरच्या बाहीने डोळे पुसले, पण ते पुन्हा भरून आले.

“आजोबा,” रेवा म्हणाली, “आप मत रोना. मैं रो रही हूँ ना.”

आणि मग ती रडली, मोठ्याने, लहान मुलं रडतात तशी. नंदकुमार तिच्यासमोर फोन धरून बसून राहिले.